ताईने पुरवलेले शब्द

डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना तीन वस्तूंची नावं सांगितली होती. मग थोड्या इकडच्यातिकडच्या गप्पा मारून त्या तीच नावं परत विचारत होत्या. भाऊजी म्हणाले, "चावी, लिंबू..." आणि थांबले. त्यांनी मान हळूच डावीकडे वळवली. डावीकडे भिंतीलगतच्या बाकावर ताई आणि मी बसलो होतो. ताईचे ओठ हलले. आवाज अजिबात नाही, नुसते ओठ.

"छत्री," भाऊजी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. वयाने आमच्या लेकीसुनांएवढी पोर, पण नजर मोठी तिखट. "मावशी," त्या ताईला म्हणाल्या, "तुम्ही दोघी जरा बाहेर बसता का?" त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते जास्त लागलं.

बाहेरच्या बाकावर ताई मान खाली घालून बसली. परीक्षेत कॉपी पुरवताना मास्तरांनी धरलेल्या मुलीसारखी. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. समोर आपला नंबर कधी येतो म्हणून ताटकळलेली माणसं होती. त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं, तरी ताईला वाटत होतं की सगळ्यांना कळलंय. "सत्तरीला टेकले गं मी," ती पुटपुटली, "आणि मला वर्गाबाहेर काढलं." मला हसू आलं आणि ते दाबताना ठसका लागला. ती माझ्यावर चिडली, ते एक बरं झालं. नुसती ओशाळून बसली असती तर मला बघवलं नसतं.

ताई माझी सख्खी बहीण नव्हे. आम्ही दोघींनी एकाच नाटक कंपनीत आयुष्य काढलं. मी कपडेपट सांभाळायची, म्हणजे उसवलेलं शिवायचं, सैल झालेलं आवळायचं आणि नटांची वाढती पोटं आहे त्याच कोटात बसवायची. ताई प्रॉम्प्टर. विंगेत पडद्याआड स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की त्याला पुढचा शब्द द्यायचा. प्रेक्षकांना ती ना कधी दिसली, ना कधी ऐकू आली. कंपनीत सगळे तिला कुजबुजताई म्हणायचे. तिचा आवाज नटाच्या कानापर्यंत जायचा आणि पहिल्या रांगेत पोचायचा नाही. एखाद्या नटाला ऐकू कमी येत असेल तर त्याच्यासाठी नुसत्या ओठांनी शब्द द्यायची.

त्या कामात शब्द माहीत असणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. तो कधी द्यायचा, ते कळलं पाहिजे. नट थांबला म्हणजे विसरलाच असं नसतं. कधीकधी तो बोलण्याला वजन यावं म्हणून मुद्दाम थांबतो. अशा वेळी शब्द दिला तर अंक संपल्यावर आत येऊन तो नट शिव्या घालतो. आणि खरोखर विसरलेला असताना दिला नाही, तर प्रेक्षक खुर्चीत चुळबुळायला लागतात, मागून कुणीतरी शिट्टी मारतं आणि सगळ्या कंपनीची अब्रू जाते. ताईने त्या चुळबुळीची धास्तीच घेतली होती. शिव्या परवडल्या, म्हणायची. त्यामुळे ती शब्द नेहमी जरा लवकरच द्यायची. काही नटांनी तर तिच्या भरवशावर पाठांतरच सोडून दिलं होतं.

भाऊजींचा नाटकाशी संबंध एवढाच की ते तिचे नवरे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. दोस्त त्यांना भिंगवाले म्हणायचे. भारी बोलका माणूस. गिऱ्हाईक काडी बदलायला म्हणून यायचं आणि तासभर बसून जायचं. गोष्ट सांगताना बरोब्बर जागी थांबून हातातली काच पुसायचे, समोरच्याचा जीव टांगणीला लागला की मगच पुढचं सांगायचे. घरात ते बोलायचे आणि ताई ऐकायची. दिवसभर दुसऱ्याचे शब्द सांभाळून आलेल्या बाईला ते बरंच वाटत असणार.

दुकानातून निवृत्त झाल्यावर वर्षा-दीड वर्षात त्यांचे शब्द अडायला लागले. आधी भाचीच्या नवऱ्याचं नाव अडलं, ते ताईने पुरवलं. मग गल्लीचं नाव, भाजीचं नाव, काल घरी कोण आलं होतं ते. ताई पुरवत गेली. पुरवायची इतकी सफाईने की समोरच्याला पत्ता लागायचा नाही. मुलगा दुसऱ्या शहरात असतो. त्याचा फोन आला की ताई स्पीकर चालू करून भाऊजींच्या समोर उभी राहायची आणि ओठ हलवत राहायची. मुलगा फोन ठेवताना म्हणायचा, "बाबा एकदम ठणठणीत आहेत. आई, तूच जरा थकल्यासारखी वाटतेस."

दर रविवारी संध्याकाळी ड्रिल मास्तरांकडे पत्त्यांचा अड्डा बसायचा. ड्रिल मास्तर म्हणजे भाऊजींचे जुने दोस्त, शाळेत कवायत शिकवायचे. एका रविवारी ताई भाऊजींना न्यायला गेली, तर ऐन डावात भाऊजी हुकूम कशाचा ते पुन्हापुन्हा विचारत होते. अड्ड्यातले दुसरे दोस्त, दवाखान्यातले कंपाउंडर, म्हणाले, "अहो भिंगवाले, घरी हुकूम वहिनींचा, इथे बदामाचा. एवढं तरी लक्षात ठेवा!" सगळे हसले, भाऊजीही हसले. दोस्तांतली रोजची थट्टा. पण दारात उभ्या ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून रविवार बंद. मास्तरांकडून बोलावणं आलं की ताईचं उत्तर तयार, सर्दी झालीय, पाहुणे आलेत, गुडघा दुखतोय. सर्दी इतक्या वेळा झाली की कंपाउंडरांनी शेवटी औषधाची बाटली पाठवून दिली.

मीच मागे लागून दवाखान्यात नेलं होतं. आणि तिथे हे असं झालं.

आम्हाला परत आत बोलावलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ताईसमोर ओढली. "हा स्मृतिभ्रंशच आहे, असं मी आज म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "विसरणं वयाच्या मानाने थोडं जास्त आहे. पण रक्तदाब वाढलाय, तो मेंदूलाही त्रास देतो. गोळी चुकवायची नाही, मीठ कमी करायचं. ऐकू कमी येतंय. जे धड ऐकूच येत नाही ते लक्षात कसं राहणार? कानाचं यंत्र लावून घ्या. रोज चालायचं, झोप पुरी करायची, हाताला आणि डोक्याला काहीतरी नवीन शिकवायचं. आणि माणसांत राहायचं. पुढे काही होणारच नाही, अशी हमी कुणी देणार नाही. पण यातलं बरंच तुमच्या हातात आहे."

"सगळं करते," ताई म्हणाली.

"आणखी एक. त्यांना शब्द लगेच देऊ नका. शोधू द्या. सापडला नाही तर नाही सापडला." मग त्यांनी विचारलं, "दोस्तांकडे जाणं का बंद झालं?"

"सर्दी," ताई म्हणाली.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत बसले. मी माझ्या पिशवीचा बंद सोडत आणि बांधत राहिले. डॉक्टरसमोर सुद्धा सर्दी! मला तिची इतकी लाज वाटली की तिथल्या तिथे दोन लगावून द्याव्यात असं झालं.

पण बाई जिद्दीची. घरी आल्याबरोबर खारे शेंगदाणे मला देऊन टाकले. गोळी रोज नाश्त्याच्या बशीत ठेवायला लागली. कानाला यंत्र आलं. पहिल्या दिवशी भाऊजी म्हणाले, "हा पंखा इतका कुरकुरतो? आणि तू इतकी पुटपुटतेस?" चालायलाही जायला लागले, पण कुठे, तर मागच्या गल्लीतून, गोदामांच्या भिंतीकडेने, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. कुणी भेटायला नको, कुणी काही विचारायला नको. मी म्हटलं, "अगं, माणसांत न्यायला सांगितलंय, तू भिंती दाखवतेस." ती म्हणाली, "आधी सुधारू देत, मग नेते."

नवीन काय शिकायचं, हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. भाऊजी म्हणाले, मला शिवण शिकव. कंपनी बंद पडल्यावर मी घरीच शिवणकाम करते. खिडकीशी मशीन, बाजूला कपाट, मधे एक खुर्ची मावेल एवढी जागा. भाऊजी रोज दुपारी त्या खुर्चीत येऊन बसायला लागले. काचा बसवलेले हात. बटण असं शिवतात की मी तोंडात बोट घालावं. काज मात्र वाकडं होतं, अजूनही होतं.

तिथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शिवताना माझ्या तोंडात टाचण्या असतात. त्यामुळे मला बोलता येत नाही. भाऊजी काहीतरी सांगायला लागायचे आणि अडायचे. "ती गं ती, आपल्या दुकानाच्या समोर... तिचा मुलगा... काय बरं..." मी आपली टाचण्या दातात धरून गप्प. मदत करायचं मनात असूनही तोंड उघडता येत नव्हतं. भाऊजी कपाळ चोळायचे, खिडकीकडे बघायचे, एकदा दुसरंच नाव घ्यायचे, मान हलवायचे, आणि बरेचदा शब्द यायचा. आला की असे खूश व्हायचे, जसं काही लॉटरी लागली. कधी यायचा नाही. मग म्हणायचे, "जाऊ दे, होती एक," आणि गोष्ट पुढे न्यायचे. गोष्ट काही अडायची नाही.

मी हे ताईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्याकडे ठीक आहे. तू घरची. बाहेर कुणी असं थांबतं का? लोक मागे हसतात."

"हसू देत की!"

"तुला काय जातंय म्हणायला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मला एक सांग," मी म्हटलं, "तुला त्यांची काळजी आहे का तुझ्या लाजेची? गोळी देतेस, मीठ तोलतेस, आणि त्या डॉक्टरीणबाईंनी ज्याच्यावर एवढा जोर दिला तेवढंच नेमकं गाळतेस. माणूस घरात बसून बसून खरंच सगळं विसरेल, मग कुणापुढे अब्रू राखणार आहेस?"

ती रडली नाही, भांडली नाही. नुसती म्हणाली, "लाज वाटते गं. काय करू? मी घालवू म्हटलं तर जात नाही." मग मलाच कानकोंडं झालं. खरं बोललं की माणूस मोकळा होतो म्हणतात. मी काही झाले नाही.

त्या महिन्यात ड्रिल मास्तरांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. निरोपावर भागत नाही हे ओळखून मास्तर स्वतः जिना चढून आले. नेमकी मी तिथेच होते. ताईने तोंड उघडलं, त्यात सर्दी तयारच होती. पण त्याआधी भाऊजी म्हणाले, "येतो."

मास्तर गेल्यावर ताई म्हणाली, "मी शेजारी बसणार." तिने मलाही बरोबर यायला सांगितलं.

मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मधे टेबलावर केक आणि कप. कंपाउंडर होते, मास्तरांची सून होती, दोन-चार शेजारी होते. ताईने हट्टाने भाऊजींच्या उजव्या हाताची खुर्ची धरली आणि जराशी तिरकी केली, म्हणजे त्यांना तिचं तोंड दिसावं. सुरुवातीला कुणी भाऊजींना काही विचारलं की उत्तर ताई द्यायची. हळूहळू लोक तिलाच विचारायला लागले. "भिंगवाले साखर घेतात ना, वहिनी?" भाऊजी कप घेऊन बसले होते आणि त्यांच्या साखरेची चौकशी शेजारच्या खुर्चीकडे चालली होती. मला ते खटकलं, पण मी केक खात राहिले.

मग कंपाउंडर म्हणाले, "भिंगवाले, मास्तरांच्या पहिल्या चष्म्याची गोष्ट होऊन जाऊ दे!"

भाऊजींनी कप खाली ठेवला. ते नीट सावरून बसले आणि त्यांचा जुना दुकानातला आवाज लागला. "तर मास्तर दुकानात आले. डोळे अधू झालेले, पण कबूल करायची लाज. कवायतीचा मास्तर आणि चष्मा? नोकरीत काय म्हणतील? मग यांनी काय केलं, आधीच्या गिऱ्हाइकाची तपासणी चालली होती, तिथे मागे उभं राहून अक्षरांचा तक्ता ऐकून पाठ केला. आपली पाळी आल्यावर छाती काढून उभे राहिले आणि कवायतीच्या आवाजात वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं खणखणीत म्हणून दाखवली. एकही चूक नाही. मी म्हटलं, वा मास्तर, कमाल आहे. कारण तक्ता तर मी मघाशीच पुसायला काढलाय. भिंतीवर आता जे आहे ते..."

भाऊजी थांबले. त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.

कंपाउंडरांनी ताईकडे पाहिलं. सुनेने ताईकडे पाहिलं. मास्तरांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. आणि मीसुद्धा. रोज दुपारी टाचण्या दातात धरून त्यांना शब्द शोधताना बघणारी मी, माझीही मान तिकडेच वळली.

"कॅलेंडर आहे," ताई म्हणाली.

सगळे हसले. जरा जास्तच हसले, सुटलो एकदाचे अशा आवाजात. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला, कानातल्या यंत्राची तार नीट केली आणि हसू ओसरेपर्यंत थांबले.

"मला येत होतं," ते म्हणाले. "मी मुद्दाम थांबलो होतो."

ताई काहीतरी बोलायला गेली.

"थांब. बोलू दे मला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी विसरतो. इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कंपाउंडरला ठाऊक आहे, मास्तरला ठाऊक आहे, आपल्या पोरालाही ठाऊक असेल. त्याची मला लाज वाटत नाही गं. म्हातारा झालोय, विसरणारच. पण मी थांबलो की ही सगळी माणसं तुझ्या तोंडाकडे बघतात. मी इथेच बसलेलो असतो."

मास्तर आपल्या बशीत बघत होते. ताई उठली, "चहाचं बघते" असं पुटपुटत स्वयंपाकघराच्या उलट दिशेला, थेट दाराबाहेर गेली. मी तिच्या मागे.

ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. चेहरा दोन्ही हातांत धरून. "त्यांची अब्रू सांभाळत होते गं मी," ती म्हणाली. "एवढंच करत होते." माझ्याकडे त्यावर चांगलं झणझणीत उत्तर होतं. ते मी गिळलं, कारण मघाशी मीही तिच्याच तोंडाकडे पाहिलं होतं. मी तिच्या शेजारी टेकले. दार अर्धवट उघडं होतं.

आत बराच वेळ नुसते चमचे वाजले. मग कंपाउंडर म्हणाले, "बरं, मग चष्मा घेतला की नाही मास्तरांनी?"

"घेतला तर," भाऊजींचा आवाज आला, आधी जरा बसका, मग सुटलेला. "घेतला आणि शाळेत लपवला. कवायतीला उभे राहिले की खिशात. आणि एक दिवस मैदानात समोरून कोण आलं, तर हेडमास्तर. ते आपले... नाव काय त्यांचं... उंच... थांबा हं..."

हे थांबणं वेगळं होतं. मला कळलं, ताईला तर कळलंच. तिचे हात चेहऱ्यावरून खाली आले. तिला ते नाव ठाऊक होतं. जिन्याच्या अंधूक उजेडात मी तिचे ओठ हलताना पाहिले, एकदा, दोनदा. ती अर्धी उठली. मी तिला धरलं नाही. ती कठडा पकडून तशीच अवघडून उभी राहिली, आणि मग आपली आपणच परत खाली बसली. हाताने तोंड गच्च दाबून धरलं.

आत एक खुर्ची कुरकुरली. ताईने डोळे मिटून घेतले.

"नाही येत," भाऊजी म्हणाले. "गेलं नाव."

"जाऊ दे रे नाव," मास्तर म्हणाले. "मलाही नाही आठवत. दिसायचे कसे, ते सांग."

"दिसायचे कसे? आधी पोट यायचं, मग बराच वेळ काही नाही, मग हेडमास्तर!"

आत एकच हशा उठला. सगळ्यांत मोठा मास्तरांचा. सून म्हणत होती, पुढे, काका, पुढे काय झालं? आणि भाऊजी पुढचं सांगायला लागले.

ताईने तोंडावरचा हात काढला. बोटांचे वळ गालावर उमटले होते.

"इतके महिने घरात कोंडून ठेवलं गं मी त्यांना," ती म्हणाली. "आणि एवढंच होतं?"